चावणाऱ्या चपलेचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानात चप्पल कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण कोल्हापुरी चप्पल ज्यांनी हौसेने घेतली आहे, त्यांना विषय लगेच कळेल. पहिले आठ दिवस ती अंगठ्याला चावते, पावलावर फोड आणते. मग घरातलं कोणी मोठं माणूस सांगतं, तेल लाव, रात्रभर ठेव, उद्या तासभरच घाल. पंधरा-वीस दिवसांत ती पायाची होऊन जाते. नवं चामडं इतकं ताठ का असतं आणि ते मऊ करण्याचं काम कोणी कोणी केलं, हे आज आपण बघू.

आधी कातड्याकडे येऊ. कातडं म्हणजे बारीक तंतूंची दाट गुंतवळ. ओलं राहिलं तर कुजतं, नुसतं वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं. म्हणून ते कमवावं लागतं. कोल्हापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यातली जुनी रीत अशी: कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे, मांस खरवडायचं, धुवायचं. मग त्याचीच पिशवी शिवायची, आत बाभळीची साल आणि हिरडा घालून पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी झिरपून खाली येतं, ते पुन्हा वर ओतायचं. सालीतलं तुरट द्रव्य तंतूंना धरून बसतं आणि कुजणं थांबतं. सगळं मिळून यात कित्येक आठवडे जातात.

असं चामडं भरीव आणि टिकाऊ होतं, पण ताठ. तेल लावलं की ते तंतूंच्या मधे शिरतं, तंतू एकमेकांवरून सरकू लागतात. पायाची ऊब, थोडा घाम आणि चालताना होणारं वाकणं, यांनी पुढचं काम होतं. घड्याळाचा पट्टा अशा सालीच्या चामड्याचा घ्या, त्यालाही हाच नियम. मनगटाचा बाक घेईपर्यंत तो ताठ राहणार. घाई करून तेलात बुडवलात तर चामडं ढिलं पडतं, उन्हात ठेवलंत तर तडकतं. थोडं तेल आणि धीर, एवढंच औषध आहे.

आता माणसांकडे येऊ. चपलेमागे एक माणूस कधीच नव्हता. मेलेलं जनावर ओढून नेणं हे काम बहुतेक गावांत महारांवर लादलेलं, कातडं कमावणं ढोरांकडे, आणि रापी-आरी घेऊन चप्पल शिवणं चांभाराकडे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ 1915 साली आलं. त्यात बलुतेदारीची ही रचना तपशिलात सापडते. चांभार हा बलुतेदार. कुणब्याच्या वहाणा, विहिरीवरची चामड्याची मोट, तिची दुरुस्ती, हे सगळं त्याने करायचं आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं.

या व्यवस्थेत चप्पल चावली तर शिवणारा गावातच असायचा. वादी सैल करून घ्या, कान जरा उचलून घ्या, ठोकून घ्या. आपल्या चपलेत खिळा नसतो, चामड्याच्या वादीने शिवण घातलेली असते, म्हणून ती उसवता येते आणि पुन्हा आवळता येते. मऊ करण्याचं काम असं दोघांत वाटलेलं होतं.

पण हे चित्र गोड मानून पुढे जाऊ नका. या कामाला नाही म्हणायची सोय त्यांना नव्हती. वाटा किती द्यायचा ते देणारा ठरवायचा. अनेक गावांत अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना वरच्या आळीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे. जी चप्पल शिवायची, तीच पायात ठेवायची चोरी! चपलेच्या इतिहासातली सगळ्यात चावणारी गोष्ट ही आहे.

यानंतर दोन बदल आले. पहिला बाजाराचा. सालीवर कमावलेली भारतीय कातडी मद्रास-मुंबईकडून विलायतेला जात होती. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांसाठी त्यांची मागणी फार वाढली. दुसरा बदल रसायनाचा. 1884 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमच्या क्षारांनी चामडं कमावण्याचं पेटंट घेतलं. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं आणि चामडं सुरुवातीपासूनच मऊ मिळू लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेत हे तंत्र आणलं, आणि गंमत बघा, त्यांच्या डोळ्यांसमोर मोटेचं चामडंही होतं, कारण पाण्यात क्रोम चांगलं टिकतं. चेन्नईतलं क्रोमपेट हे नाव अशाच एका कारखान्यावरून पडलं. तेव्हापासून हळूहळू ‘पहिल्या दिवशी मऊ’ हीच चांगल्या जोड्याची खूण ठरली, आणि सालीचं चामडं जुनाट वाटू लागलं.

त्याच काळात आणखी एक घडत होतं. 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं. पुढे गावोगावी लोकांनी जनावरं ओढणंही नाकारलं. दुसरीकडे गांधीविचाराच्या मंडळींनी वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालवून हेच काम स्वच्छ आणि सन्मानाचं करायचा प्रयत्न केला. आमचं म्हणणं असं की, ‘हस्तकला मरते आहे’ असा गळा काढण्याआधी ही पहिली बाजू नीट समजून घ्यायला हवी. ज्यांनी हे काम सोडलं, त्यांनी ते अपमान सोडण्यासाठी सोडलं. मुलांना शाळेत पाठवलं. तो तोटा म्हणून मांडणं अन्याय होईल.

मग जे अजून करतात त्यांचं काय? 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. सीमेवरून आपण भांडतो, पण चामड्याने दोन्हीकडची गावं आधीच शिवून ठेवली आहेत. जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशीच चप्पल दाखवली, आधी कोल्हापूरचं नाव न घेता. इथून ओरड झाली, तेव्हा प्रेरणा कुठली ते त्यांनी मान्य केलं. राग आला ते योग्यच. पण शिवणाऱ्याचं नाव आपण तरी कधी घेतो? घासाघीस करताना तर नाहीच नाही.

आता शिवणारा लांब आहे, चप्पल दुकानातून किंवा कुरिअरने येते, आणि मऊ करण्याचं काम एकट्या वापरणाऱ्यावर पडलं. म्हणून ती ‘चावते’ अशी तक्रार होते आणि चप्पल कोपऱ्यात जाते. तर मंडळी, तसं करू नका. वेणी आणि पट्ट्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल लावा, सुरुवातीला घरातल्या घरात घाला, पावसात मात्र बाहेर काढू नका. कातडं कमावण्याचं काम कोणीतरी अनेक आठवडे केलेलं असतं, त्यातले शेवटचे पंधरा दिवस तेवढे आपल्या वाट्याला आलेले असतात. आणि पुढच्या वेळी घ्याल तेव्हा शिवणाऱ्याचं नाव विचारा, त्याने सांगितलेली किंमत द्या.