ॲक्शन्स (ध्वनिमुद्रिका, १९७१)

‘ॲक्शन्स’ ही न्यू इटर्नल ऱ्हिदम ऑर्केस्ट्रा या मुक्त जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदाची प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झालेली ध्वनिमुद्रिका होय. ही मैफल १७ ऑक्टोबर १९७१ रोजी तत्कालीन पश्चिम जर्मनीतल्या डोनाउएशिंगन येथील संगीत महोत्सवात झाली आणि तिचे मुद्रण फिलिप्स कंपनीने प्रसिद्ध केले. अमेरिकन ट्रंपेटवादक डॉन चेरी यांच्या ‘ह्यूमस – द लाइफ एक्सप्लोरिंग फोर्स’ व ‘सीता राम एन्कोर्स’ या दोन रचना आणि पोलिश संगीतकार क्शिश्तॉफ पेंडेरेत्स्की यांची ‘ॲक्शन्स फॉर फ्री जॅझ ऑर्केस्ट्रा’ ही एक रचना असे तिचे स्वरूप आहे. चेरी यांच्या रचनांचा पाया भारतीय राग, ताल आणि तानपुऱ्याचा अखंड स्वर हा असल्यामुळे हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाने युरोपातल्या मुक्त जॅझकडे वळताना या ध्वनिमुद्रिकेपासून आरंभ करणे सर्वांत सयुक्तिक ठरते.

मुक्त जॅझ म्हणजे स्वरसंवादांची ठरलेली आवर्तने, ठरावीक मात्रांची चौकट आणि एकामागून एक येणारे एकलवादन हे जॅझचे रूढ संकेत सैल करून किंवा पूर्णपणे सोडून देऊन केलेले उत्स्फूर्त वादन. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये दोन चौकड्या एकाच वेळी वाजवून जे ध्वनिमुद्रण केले, त्याच्या शीर्षकावरून या प्रवाहाला नाव मिळाले, आणि त्या आठ वादकांमध्ये चेरीही होते. तीन-चार वादक एकमेकांकडे कान देऊन मुक्तपणे वाजवू शकतात; पण वादकांची संख्या पंधरा-सोळावर गेली, की प्रत्येकाला स्वातंत्र्य देऊनही सर्वांचे मिळून एक संगीत कसे घडवायचे, हा प्रश्न उभा राहतो. पियानोवादक आलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख यांनी १९६६ मध्ये बर्लिनच्या जॅझ महोत्सवासाठी ग्लोब युनिटी ऑर्केस्ट्रा उभा केला, तेव्हापासून युरोपातल्या वादकांना हा प्रश्न सतत भेडसावत होता. ‘ॲक्शन्स’चे महत्त्व असे, की तिच्यात या एकाच प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे त्याच वाद्यवृंदाकडून एकाच मैफलीत ऐकायला मिळतात.

पेंडेरेत्स्की (१९३३–२०२०) यांचे उत्तर लिखित संहितेचे आहे. हिरोशिमाच्या बळींना अर्पण केलेल्या, ५२ तंतुवाद्यांसाठीच्या रचनेमुळे १९६०च्या दशकात त्यांचे नाव जगभर झाले होते. शेजारशेजारचे अनेक स्वर एकाच वेळी वाजवून निर्माण होणारे दाट ध्वनिपुंज हे त्या काळातील त्यांच्या लेखनाचे मुख्य साधन होते. सुमारे १६ मिनिटांच्या या रचनेत त्यांनी काही भाग लिहून दिले, काही भाग वादकांच्या उत्स्फूर्ततेवर सोडले आणि वाद्यवृंदाचे संचालन स्वतः केले. पितळी वाद्यांचा पुंज एकदम उसळतो, खाली बसतो, त्याच्या पोटातून एखादे वाद्य क्षणभर सुटे होते आणि पुन्हा पुंजात ओढले जाते. हे प्रभावी आहे यात शंका नाही, मात्र वादक कुठे स्वतःचे बोलतात आणि कुठे संचालकाच्या हाताकडे पाहून बोलतात हे कानाला कळते, आणि जिथे ते कळते तिथे रचना थोडी अवघडते.

चेरी (१९३६–१९९५) यांचे उत्तर षड्जाचे आहे. ‘ह्यूमस’ ही सुमारे १८ मिनिटांची रचना आहे. तिच्यात चेरी यांच्या पत्नी, स्वीडिश चित्रकार व वस्त्रकलाकार मोकी चेरी, तानपुरा धरतात आणि लूस मॅकगिलीकटी गातात. राग व ताल यांतून घेतलेल्या लहान लहान धुना येतात, त्यांवर सर्व वाद्ये जमतात, मग पांगतात. अनेक धुना एका सूत्रात ओवून, ट्रंपेटच्या इशाऱ्यावर एका धुनेवरून दुसरीवर जाण्याची रीत चेरी यांनी १९६५–६६च्या सुमारास न्यू जर्सीमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणांतच बसवली होती. इथे तिला अखंड आधारस्वराची जोड मिळाली. सर्वांना परतायला एक घर असल्यामुळे कोणी कितीही दूर गेले तरी वाद्यवृंद विस्कटत नाही. लिहिलेल्या कागदावाचून, केवळ कानावर भिस्त ठेवून मोठा समूह एकत्र राहू शकतो हे ‘ह्यूमस’ने दाखवले, आणि या ध्वनिमुद्रिकेला पेंडेरेत्स्की यांच्या रचनेचे नाव मिळाले असले, तरी तिचा खरा ऐवज पहिल्या बाजूस आहे. पुढे १९७५च्या ‘ब्राउन राइस’ या ध्वनिमुद्रिकेत चेरी यांनी एका रचनेला ‘मालकौंस’ असेच नाव दिले. तिथेही तानपुरा मोकी यांचाच आहे.

रागसंगीताच्या कसोटीवर मात्र ‘ह्यूमस’कडे जपून पाहिले पाहिजे. तुलनेसाठी ध्रुपद घेऊ. पनवेलजवळ पळस्पे येथे रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी उभारलेले ध्रुपद गुरुकुल आहे. त्यांच्यामागे त्यांचे धाकटे बंधू, गायक उस्ताद झिया फरिदुद्दीन डागर (१९३२–२०१३) यांनी आणि पुत्र बहाउद्दीन डागर यांनी ही परंपरा चालवली. ध्रुपदातील आलाप तालाविना, तानपुऱ्याच्या आधारे, एकेक स्वर उलगडत जातो. त्यात वादकाला वेळेचे जवळजवळ अमर्याद स्वातंत्र्य असते, पण गंधार नेमका कुठे लावायचा आणि तिथे मींडेने कसे पोहोचायचे, याबाबत तसूभरही सूट नसते. मोहिउद्दीन डागर यांनी वीणेचे भोपळे मोठे आणि दांडी जाड करून घेतली, ती खर्जातील अशा मींडेचा नाद दीर्घकाळ टिकावा म्हणूनच. डोनाउएशिंगनच्या वादकांनी यातले निम्मेच घेतले. आधारस्वर, संथ विस्तार आणि लयीची आवर्तने त्यांनी आत्मसात केली. श्रुतींचे आणि मींडेचे शिस्तबद्ध अंग त्यांच्याकडे नव्हते आणि पियानो, ऑर्गन यांसारख्या बांधीव स्वरांच्या वाद्यांवर ते येणेही शक्य नव्हते. म्हणून ‘ह्यूमस’ला रागाची मांडणी म्हणणे चूक ठरेल, रागापासून समूहाने एकत्र राहण्याची युक्ती घेतलेले हे जॅझ आहे.

या मैफलीपूर्वी चार वर्षे याच परिसरात भारतीय संगीत आणि मुक्त जॅझ यांची गाठ पडली होती, आणि तिच्यात एका मराठी कलावंताचा वाटा होता. १९२८ मध्ये मुंबईत जन्मलेले तबलावादक केशव साठे १९५६ मध्ये लंडनला गेले. जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्याचे व्हायोलिनवादक-रचनाकार जॉन मेयर यांच्या दुहेरी पंचकात, म्हणजे पाच जॅझवादक आणि पाच भारतीय पद्धतीचे वादक यांच्या समूहात, ते तबला वाजवत. ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘जॅझ मीट्स इंडिया’ या ध्वनिमुद्रिकेसाठी डोनाउएशिंगनजवळच्या फिलिंगन येथे सतारवादक दिवाण मोतिहार, तानपुऱ्यावर कुसुम ठाकूर आणि साठे हे स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांच्या त्रयीबरोबर वाजवण्यास बसले. ट्रंपेटवर मान्फ्रेड शोफ होते. तिच्यातील एका रचनेचे नाव ‘ब्रिगाख अँड गँजेस’ असे आहे. ब्रिगाख ही फिलिंगनमधून वाहणारी नदी डोनाउएशिंगनपाशी ब्रेग नदीला मिळते आणि तिथून डॅन्यूब सुरू होते. १९७१च्या वाद्यवृंदातही शोफ होते, त्यामुळे तानपुऱ्याच्या सुरात वाजवण्याचा अनुभव त्या रंगमंचावर एकट्या चेरी यांच्याकडेच होता असे नाही.

या दोन्ही प्रयोगांमागे एकच व्यक्ती होती. बाडेन-बाडेन येथील नभोवाणी केंद्राच्या जॅझ विभागाचे प्रमुख योआखिम-अर्न्स्ट बेरेन्ट (१९२२–२०००) यांनी ‘जॅझ मीट्स इंडिया’ची निर्मिती केली आणि डोनाउएशिंगनच्या महोत्सवात, जो १९२१ पासून नव्या पाश्चात्त्य कलासंगीताचा मानला जात होता, जॅझला जागा मिळवून दिली. भारतीय नादविचाराची त्यांची ओढ पुढे ‘नादब्रह्म’ हेच नाव दिलेल्या त्यांच्या जर्मन ग्रंथात व्यक्त झाली. खासगी ध्वनिमुद्रण कंपनीला न परवडणारा एवढा मोठा ताफा युरोपभरातून एका गावात आणणे नभोवाणीच्या सार्वजनिक पैशामुळेच शक्य झाले, ही बाब मुक्त जॅझच्या इतिहासात अनेकदा दुर्लक्षित राहते.

गायिका आणि तानपुरा धरून या वाद्यवृंदात १७ कलावंत होते. चेरी व शोफ यांच्याखेरीज ट्रंपेटवर कॅनडात जन्मलेले आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले केनी व्हीलर आणि पोलंडचे तोमाश स्तान्को होते. चेरी स्वतः पॉकेट ट्रंपेट वाजवत, ज्याची नळी नेहमीच्या ट्रंपेटइतकीच लांब पण अधिक वेढे देऊन आखडलेली असते. ट्रॉम्बोनवर इंग्लंडचे पॉल रदरफोर्ड आणि फ्रांकफुर्टचे आल्बर्ट मांगेल्सडॉर्फ होते. मांगेल्सडॉर्फ एक स्वर फुंकत असतानाच दुसरा स्वर वाद्यात गात आणि त्या दोहोंच्या मिश्रणातून आणखी स्वर उमटवत. एका फुंकवाद्यातून अशा रीतीने स्वरसमूह निर्माण करण्याच्या तंत्राचे ते प्रमुख प्रवर्तक ठरले. सॅक्सोफोन आणि अन्य लाकडी फुंकवाद्यांवर गेर्ड डुडेक, पीटर ब्रॉट्समन, विलेम ब्रॉयकर आणि गुंटर हांपेल होते. यांपैकी ब्रॉट्समन (१९४१–२०२३) यांचा फाटणारा, अतितीव्र टेनर सॅक्सोफोन हा त्या पिढीच्या मुक्त जॅझची ओळखच होता. पियानो व ऑर्गनवर बेल्जियमचे फ्रेड व्हान होव्ह, गिटारवर नॉर्वेचे तरुण वादक तेर्ये रिपदाल, डबल बासवर बुशी नीबरगाल व पीटर वॉरन आणि तालवाद्यांवर नेदरलँड्सचे हान बेनिंक अशी उरलेली बांधणी होती. यांतील बहुतेक जण कधी ना कधी ग्लोब युनिटीत वाजवलेले असल्यामुळे त्यांना एकमेकांच्या सवयी ठाऊक होत्या. वाद्यवृंदाचे नाव मात्र ‘इटर्नल ऱ्हिदम’ या चेरी यांच्या १९६८च्या बर्लिनमधील ध्वनिमुद्रणावरून आले, ज्यात मांगेल्सडॉर्फही होते.

ही ध्वनिमुद्रिका दीर्घकाळ बाजारात मिळत नव्हती. २००१ मध्ये तिची सीडी आवृत्ती निघाली. पेंडेरेत्स्की १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या सिंफनीच्या वळणाकडे वळले आणि जॅझ वाद्यवृंदासाठीची ही रचना त्यांच्या कामात एकटी पडली. स्वीडनच्या फायर! ऑर्केस्ट्राने २०१८ मध्ये पोलंडमधील क्राकूफ येथे तिचा नवा प्रयोग केला, त्याचे ध्वनिमुद्रण २०२० मध्ये आले आणि त्यात सोळा मिनिटांची मूळ रचना दुपटीहून अधिक लांबली आहे.