‘इलीइली’ म्हणजे काय? हवाई बेटांवर साध्या गोट्यांना इतका मान का?

‘इलीइली’ हा हवाईयन भाषेतला शब्द. अर्थ अगदी साधा: छोटे दगड, गोटे. पण हवाई बेटांवर हा शब्द नाच, खेळ आणि घर या तिन्ही ठिकाणी भेटतो.

नाचात कसा वापर होतो?

‘हुला’ या पारंपरिक नृत्याचा एक प्रकार गोट्यांच्या तालावर चालतो. पाण्याने झिजून गुळगुळीत झालेले लाव्हाचे चार गोटे लागतात. प्रत्येक हातात दोन धरून ते एकमेकांवर वाजवतात. आपल्याकडच्या चिपळ्या आठवल्या की कल्पना येईल.

खेळ आणि घर

‘कोनाने’ या पटावरच्या खेळात काळे गोटे लाव्हाचे, तर पांढरे प्रवाळाचे असतात. सोंगटीवरून उडी मारून समोरची सोंगटी उचलायची. ‘किमो’ हा खेळ तर सागरगोट्यांसारखाच. जुन्या घरांच्या आणि देवस्थानांच्या जमिनीवरही गोटे पसरले जात. घरात त्यावर चटया अंथरत.

उच्चार चुकला तर?

या शब्दात दोन्ही ‘इ’च्या आधी घशात आवाज क्षणभर अडतो. त्याच्या चिन्हाला ‘ओकिना’ म्हणतात आणि हवाईयनमध्ये ते व्यंजनच मानलं जातं. ओकिनासह ‘इली’ म्हणजे त्वचा, छोटा दगड किंवा जमिनीचा एक विभाग. ओकिना गाळली, तर अर्थ होतो जहाज किनाऱ्याला रुतणं किंवा वारसा मिळणं.

शब्द टिकला कसा?

1830 मध्ये राणी काआहुमानू यांनी सार्वजनिक हुलावर बंदी घातली. पुढे राजा कालाकाउआ यांनी नृत्याला पुन्हा राजाश्रय दिला. 1883 च्या त्यांच्या राज्याभिषेकात हुला सादर झाला. 1896 च्या कायद्याने शाळांत इंग्रजी सक्तीची झाली आणि हवाईयन भाषा मागे पडत गेली. 1978 मध्ये तिला राज्यभाषेचा दर्जा मिळाला. 1984 मध्ये हवाईयन माध्यमाची पहिली बालवाडी सुरू झाली. आज हुला शिकणारी मुलं गोट्यांसोबत त्यांचं नावही शिकतात.

गोटे घरी आणता येतात का?

नाही. काही अपवाद वगळता किनाऱ्यावरची वाळू आणि दगड उचलून नेण्यास हवाईच्या कायद्याने मनाई आहे. तरीही पर्यटक दगड नेतात. त्यातले काही जण नंतर ते टपालाने परत पाठवतात.