कडप्प्याच्या दगडातली गुहा: बेलम 'शोधलं' कुणी?

जालना एमआयडीसीत राहून चुनखडकातल्या गुहेवर लिहिणं जरा विचित्रच. इथे विहीर खोदली की मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण, म्हणजे सगळा लाव्हारसाचा दगड. शेतात चुनखड मिळते, पण ते मातीतले खडे; गुहा होईल असा थर नाही. म्हणून तर आपली अजिंठा-वेरूळची लेणी माणसांनी छिन्नीने खोदली.

पण चुनखडक तुमच्या घरात आहे बरं का! ओट्याचा काळा कडप्पा म्हणजे चुनखडकच. त्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की पांढरट डाग पडतो, कारण आम्ल हा दगड खातं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं आणि भेगांमध्ये हेच काम लाखो वर्षं करत राहतं. त्यातून गुहा होते. कडप्प्याच्याच पट्ट्यात, आंध्रातल्या नंद्याल (पूर्वीच्या कर्नूल) जिल्ह्यात, बेलमची गुहा अशीच झाली.

आता मुद्द्याचं. तिच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक ठिकाणी १८८४ पासून होते, कारण त्या वर्षी रॉबर्ट ब्रूस फूट यांनी तिची नोंद केली. हे तेच भूवैज्ञानिक, ज्यांना १८६३ मध्ये पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार सापडलं. पण नोंद म्हणजे शोध का? बेलम हे नाव संस्कृत 'बिलम्'वरून आलं असं मानतात. आपलं 'बीळ' त्याच घराण्यातलं. म्हणजे तिथल्या लोकांना बीळ ठाऊक होतं, इतकं की नावही त्यावरूनच पडलं. आत जैन-बौद्ध साधूंच्या वास्तव्याच्या खुणाही मिळाल्या. अजिंठ्याचंही असंच: १८१९ ला जॉन स्मिथने 'शोधलं' म्हणतो आपण, जणू आसपास कुणी राहतच नव्हतं.

फूट यांच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं फारसं काही घडलं नाही. १९८२-८३ मध्ये डॅनिएल गेबाउअर यांच्या जर्मन गटाने गुहेची तपशीलवार मोजणी केली. लांबी भरली ३,२२९ मीटर. एवढं होऊनही १९८८ च्या सुमारास तिथे चक्क कचरा टाकला जात होता! पुढे स्थानिकांनी पाठपुरावा केला, १९९९ पासून पर्यटन महामंडळाने वाटा आणि दिवे केले, आणि २००२ मध्ये गुहा खुली झाली.

म्हणजे नोंदीने गुहा वाचली नाही, नकाशानेही नाही. ती वाचली आसपासच्या माणसांना ती आपली वाटली तेव्हा. इतिहास लिहिताना नेमकी हीच माणसं तळटीपेत जातात. माझ्या प्रबंधाचा खटाटोप त्यांना मजकुरात आणण्यासाठीच आहे.

बेलमला गेलात तर साधारण दीड किलोमीटर बघायला मिळेल. उरलेला भाग बंद आहे, आणि त्याबद्दल हळहळू नका. दिवे लागले की भिंतींवर शेवाळ धरतं, माणसांच्या येण्याजाण्याने आतली हवा बदलते. पाण्याचं काम अजून संपलेलं नाही. ते थोडं अंधारातच चालू द्यावं.