रांजण आणि वेल

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत पाऊल टाकलें म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टि प्रथम पद्मपाणीकडे जाते आणि तेथेंच खिळून राहते. मान वर करून छताकडे पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. ज्यांनीं ते घेतले असतील त्यांना तेथील एका चौकटींत निराळाच देखावा दिसला असेल. टोकदार टोपी, दाढी आणि पट्ट्यापट्ट्यांचे पायमोजे अशा थाटाचा एक परदेशी गृहस्थ बैठकीवर ऐसपैस बसला आहे, त्याच्या हातांत चषक आहे आणि सेवेकरी त्याच्या भोंवतीं तत्पर आहेत. फर्ग्युसन या पंडितानें १८७९ सालीं असा तर्क केला कीं, हा इराणचा बादशहा दुसरा खुस्रू असावा. आज तो तर्क मागें पडला आहे. कारण हीं चित्रें बहुतेक विद्वानांच्या मतें वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचीं, म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहेत, आणि खुस्रू गादीवर आला तो त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं.

तो गृहस्थ कोण, हा वाद आपण पंडितांकडेच ठेवूं. त्याच्या हातांतील चषक कोठून आला, आणि तो भरणारी द्राक्षाची वेल आपल्या भूमींत कशी रुजली, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. मद्यपानाची भलावण करण्याचा यांत हेतु नाहीं. जमीन, कुटुंब आणि काळ या तिघांची गांठ ज्या धंद्यांत पडते अशा एका धंद्याची ही कथा आहे, म्हणून ती ऐकण्याजोगी आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला मिसर देशाकडच्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाची पुस्तिका लिहिली. भडोच बंदरांत परदेशचा कोणता माल खपतो याची यादी देतांना तो पहिला मान मद्याला देतो. आणि मद्यांतही इटलीचें अधिक पसंत, शिवाय लाओदिकियाचें व अरबस्तानचेंही चालतें, असें नमूद करतो. राजासाठीं न्यावयाच्या नजराण्यांतही उंची मद्य आहेच. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांवर तेर, हेंही तो सांगतो. पैठणचा अकीक आणि तेरचें कापड गाड्यांत भरून भडोचेस जाई. ही नोंद कवीची नव्हे, मालाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची आहे. म्हणून तिचें मोल अधिक.

हें मद्य येई तें मातीच्या रांजणांतून. दोन कान, लांब मान आणि बुडाशीं निमुळता होत गेलेला आकार, अशा या रांजणाला पाश्चात्त्य लोक ‘अँफोरा’ म्हणतात. झिरपूं नये म्हणून त्याला आंतून राळेचा लेप देत. नेपल्सजवळच्या कांपानिया प्रांतांत, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरांत, जे रांजण घडत त्यांच्या मातींत ज्वालामुखीची काळी रेती मिसळलेली असे. आणि तशा काळ्या रेतीच्या खापऱ्या भारतांतील प्राचीन स्थळांच्या उत्खननांत मिळाल्या आहेत.

अजिंठ्यापासून फार दूर नसलेलें भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, या बाबतींत मोठें बोलकें आहे. १९३८ सालीं इटलींतील पाँपेई नगरांत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. तें नगर इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेव्हां ती मूर्ति त्यापूर्वींच तेथें पोहोंचलेली असली पाहिजे. तिच्याशीं घडणीचें जवळचें नातें सांगणारी हस्तिदंती मूर्ति पुढें १९७३ च्या सुमारास भोकरदनच्या उत्खननांत निघाली. तेरलाही तशीच मिळाली आहे. द्राक्षमळ्यांनीं वेढलेल्या पाँपेईच्या एका घरांत भारतीय कारागिराचें काम, आणि इकडे भारताच्या बंदरांत कांपानियाचें मद्य, अशी ती देवघेव होती.

या व्यापारानें आपल्या भूमींत मागें काय ठेवलें? खापऱ्या. त्यांतल्याही कांहीं रोमन नसून इराकच्या बाजूच्या रांजणांच्या आहेत, असें अलीकडे रॉबर्टा टॉम्बर या विदुषीनें दाखवून दिलें आहे. रोमचा व्यापार ओसरला, त्याची जागा इराणी आखातांतून येणाऱ्या मालानें घेतली. अजिंठ्याच्या छतावरचा तो टोपीवाला पाहुणा याच दुसऱ्या काळांतला. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नांवाच्या यवनानें खोदविलेलें लेणें आहे. हे लोक आले, बुद्धाच्या धर्माला त्यांनीं दान दिलें, दगडांत आपलीं नांवें कोरलीं. जुन्नरच्या लेखांत करंजाच्या झाडांसाठीं शेत दिल्याचा उल्लेख सांपडतो, द्राक्षवेलीचा नाहीं. मद्य रांजणांत बसून आलें आणि रांजणाबरोबरच संपलें.

द्राक्षवेल मात्र निराळ्या वाटेनें आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षाच्या मद्याला ‘मधु’ म्हटलें असून कापिशायन आणि हारहूरक अशीं त्याचीं देशावरून पडलेलीं नांवें दिलीं आहेत; हे दोन्ही देश वायव्येकडचे. ती वेल दक्षिणेंत आणण्याचें श्रेय परंपरा महंमद तुघलकाला देते. १३२७ च्या सुमारास त्यानें राजधानी देवगिरीस हलविली व तिला दौलताबाद हें नांव दिलें. ही राजधानी फार दिवस टिकली नाहीं, हें आपण शाळेंत हंसत हंसत शिकतों. वेल मात्र टिकली. १३४२ सालीं दिल्ली सोडून दक्षिणेकडे निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेविषयीं लिहितांना तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात असें सांगतो.

या ‘दोनदां’ शब्दांत सारी मेख आहे. युरोपांत द्राक्षवेल हिंवाळ्यांत झोंपीं जाते. पानें गळतात, बर्फ पडतें, वसंतांत डोळे फुटतात आणि शरदाच्या तोंडाला एकदां फळ येतें. दख्खनच्या पठारावर ही झोंप नाहीं. येथें वेल सदा जागी, आणि म्हणून तिला शिस्त लावण्याचें काम माणसाला करावें लागतें. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतात. तिनें काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करतात. तिनें घड सुटतात, आणि फळ येतें तें हिंवाळ्याच्या अखेरीस. इटलींत जें काम निसर्गाचा हिंवाळा करतो तें आपल्याकडे शेतकऱ्याची कात्री करते. कोणत्या काडीवर किती डोळे ठेवावे, हें पुस्तकांत वाचून पुरतें समजत नाहीं. तें बापाच्या पाठीशीं उभें राहून शिकावें लागतें.

वेलीला आधार देण्याच्या जुन्या रीतींतही एक गोड साम्य आहे. इटलींत वेल एल्म अथवा पॉप्लर वृक्षावर चढवीत आणि तिला ‘लग्न लावलेली वेल’ म्हणत. आपल्याकडे नाशिकच्या जुन्या बागांत पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर वेल चढवीत. तुळशीचें लग्न लावणाऱ्या आपल्या लोकांना वेलीच्या लग्नाचें नवल वाटूं नये.

आतां इटलीच्या घराण्यांकडे वळूं. फ्लोरेन्सच्या अँटिनोरी घराण्यांतील जोव्हान्नी दि पिएरो हा १३८५ सालीं तेथील मद्यव्यापाऱ्यांच्या श्रेणींत दाखल झाला. तेव्हांपासून सव्वीस पिढ्या हा व्यवसाय त्या घरांत चालत आला आहे. इटली हें एकसंध राज्य झालें १८६१ सालीं. म्हणजे घराणें राष्ट्राहून जवळजवळ पांच शतकें जुनें. टस्कनींतलेंच दुसरें घराणें रिकासोली. त्यांतील बेत्तिनो रिकासोली हे एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान. एवढ्या मोठ्या राजकारणी पुरुषानें घरच्या मळ्यांत अनेक वर्षें प्रयोग केले आणि कियांती मद्यांत कोणत्या जातीच्या द्राक्षानें काय गुण येतो, हें १८७२ सालच्या एका पत्रांत लिहून ठेवलें. त्याच्याही आधीं, १७१६ सालीं, टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें कियांती हें नांव कोणत्या गांवांच्या शिवारापुरतें लावावें याच्या सीमा फर्मानानें आंखून दिल्या होत्या. मद्याला जमिनीचें नांव मिळालें म्हणजे ती जमीन सोडून जाणें घराण्याला जड जातें.

या कीर्तीची दुसरी बाजू मात्र झांकून ठेवणें योग्य नव्हे. टस्कनींत मळ्यांत राबणारें कुटुंब बहुधा निराळें आणि मद्यावर नांव घालणारें निराळें असे. पिकाचा निम्मा वाटा मालकाला द्यावयाचा, ही अर्धेलीची पद्धत तेथें शतकानुशतकें चालली. १९६४ च्या कायद्यानें तिच्या नव्या करारांना बंदी झाली. म्हणजे ज्यांच्या हातांत छाटणीची विद्या होती त्यांचीं नांवें बाटलीवर कधींच आलीं नाहींत.

महाराष्ट्रांत हा डाव उलटा पडला आहे. येथें नांव वेलीला मिळालें, आणि तें कसणाऱ्याचें मिळालें. भोकरी, फकडी, पंढरी साहेबी या जुन्या जाती मागें पडून परदेशची बिनबियांची थॉम्सन जात येथें रुळली. तिच्या वेलींत एखाद्या फांदीला निराळा घड येतो, तो डोळसपणें हेरून, कलम करून, शेतकऱ्यांनींच नव्या जाती काढल्या. सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजचे नानासाहेब काळे यांनीं काढलेल्या जातीचें नांव ‘सोनाका’. सोलापुरचा सो, नान्नजचा ना आणि काळ्यांचा का. जिल्हा, गांव आणि कुटुंब तीन अक्षरांत! तासगांवकडील बोरगांवचे वसंतराव आर्वे यांच्या ‘तास-ए-गणेश’ या नांवांतही तासगांव आहेच. १९६० सालीं बागाइतदारांनीं आपला राज्यसंघ काढला. १९९७ सालीं पुण्याजवळ मांजरीस द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालें. दुष्काळ आणि खारट पाणी यांना तोंड देण्यासाठीं आतां अमेरिकेच्या रानवेलीच्या मुळावर आपलें कलम बांधतात. खालीं मूळ परक्याचें, वर फळ आपलें.

वेल अशी घरची झाली. मद्य मात्र अद्याप नवखें आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर कित्येक वर्षें या दिशेनें पाऊल पडणें कठीणच होतें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं नारायणगांवास फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेसाळ मद्याचा कारखाना काढला. नारायणगांव हें जुन्नर तालुक्यांत, म्हणजे यवनांच्या त्या लेखांच्याच शेजारीं. आणि परदेशीं विकावयाच्या त्या मद्याला नांव दिलें तें ओमर खय्याम या इराणी कवीचें. नाशिकजवळ घरच्या जमिनीवर राजीव सामंत यांनीं १९९९ सालीं ‘सुला’ची स्थापना केली, तें नांव त्यांच्या मातोश्री सुलभा यांच्या नांवावरून घेतलें. ती कंपनी २०२२ सालीं शेअरबाजारांत गेली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें, विंचूर व पलूस येथें मद्य-उद्यानें आंखलीं, आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवाला भौगोलिक मानांकनही लाभलें. कोझिमोनें १७१६ सालीं जें केलें त्याचा हा आपल्याकडचा आरंभ.

नंतर परीक्षा आली. २००८ सालीं जगभर मंदी पसरली. कारखान्यांत माल पडून राहिला, द्राक्षांची उचल थांबली, आणि नाशिककडच्या अनेक शेतकऱ्यांनीं मद्याच्या द्राक्षांच्या बागा उपटून टाकल्या. टस्कनींतही मंदी येते, गारा पडतात, रोग येतो. परंतु ज्या घरानें पंचवीस पिढ्या पाहिल्या तें एका वाईट सालांत कुऱ्हाड उचलीत नाहीं. आपला शेतकरी भित्रा म्हणून त्यानें ती उचलली असें नव्हे. त्याच्या डोक्यावर यंदाचें कर्ज, पदरांत वांटण्या होत होत राहिलेली चार एकर जमीन, आणि मद्य करण्याचें अखेरचें काम दुसऱ्याच्या हातीं. तळघरांत मद्य मुरत ठेवून दहा वर्षें वाट पाहणें त्याला परवडावें कसें? इटलीच्या कुळांजवळ विद्या होती पण जमीन नव्हती. आपल्या बागाइतदाराजवळ दोन्ही आहेत, काळ तेवढा नाहीं. तो मिळतो कीं नाहीं यावर या धंद्याचें घराणें व्हावयाचें कीं नुसता कारखाना राहावयाचा, हें ठरणार आहे.

अँटिनोरी घराण्याची धुरा इतक्या पिढ्यांनंतर आतां तीन बहिणींकडे आली आहे. महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित जमिनींत मुलीला समान हक्क मिळाला. छाटणीची कात्री तिच्याही हातीं आली, तर शिकणारे हात दुप्पट होतील आणि बाग पुढच्या पिढीस पोहोंचण्याची आशाही वाढेल.

श्रोतेहो, हिंवाळा सरतां सरतां मंडईंत द्राक्षांचे ढीग लागतात. घांसाघीस करून आपण किलोभर घेतों आणि पिशवी घेऊन घरीं येतों. पुढच्या वेळीं विकणाऱ्याला एवढें अवश्य विचारा, कीं हा माल कोणत्या गांवचा आणि कोणाच्या बागेचा. इटलीच्या बाटलीवर हें उत्तर छापलेलें असतें. आपल्याकडे तें अजून विचारावें लागतें. पण सांगणारा माणूस तें अभिमानानें सांगतो.