तीनशे गुणिले तीनशे

घरात यंत्रं झाली पाच. फोटो सगळीकडे सारखे राहावेत म्हणून मधे कुठलाही सर्व्हर न ठेवता ती एकमेकांना जोडून दिली. पाचांच्या जोड्या १०. दहा यंत्रं झाली की ४५! परवा माळ्यावरचा जुना लॅपटॉप सहज चालू केला, तर दोन वर्षांपूर्वी उडवलेले शेकडो फोटो सगळीकडे भुतासारखे परत हजर. बायको म्हणाली, "आणि म्हणे इंजिनिअर!"

मंडळी, हे दुखणं जुनं आहे.

१९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या जाळ्यात काही शे ईथरनेट आणि हजारो यंत्रं होती. कोण कुठे आहे हे सांगायला 'क्लिअरिंगहाऊस' नावाची सेवा. तिच्या काही नोंदी तर शेकडो सर्व्हरवर ठेवलेल्या. बदल झाला की तो सर्व्हर बाकीच्यांना टपाल धाडायचा. टपाल कधीकधी हरवायचं, म्हणून रात्री १२ ते ६ मध्ये प्रत्येक सर्व्हर दुसऱ्या कुणाशी तरी वही ताडून बघायचा. फरक सापडला की बरोबर नोंद पुन्हा सगळ्यांना टपालाने! सावधगिरीच ती. पण ३०० सर्व्हरना एकाच रात्री फरक सापडला आणि प्रत्येकाने ३०० पत्रं टाकली तर? ९०,०००. जाळं बसलंच. टपाल, फायली, नावं शोधणं, सगळं ठप्प.

ते पुन्हा पाठवणं आधी बंद केलं. मग पालो अल्टोच्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅलन डेमर्स आणि मंडळींनी १९८७ च्या निबंधात उपाय मांडला तो साथीच्या रोगांच्या गणितातून. सगळ्यांना सांगत बसू नका, दर फेरीला कुणातरी एकालाच सांगा. आपल्याकडे नळावर बातमी पसरते तश्शी. १००० यंत्रांना साधारण १७ फेऱ्या पुरतात, २००० झाली तर दोनेक जास्त. मला हे अजूनही जादूसारखं वाटतं. फक्त 'कुणीतरी' अगदीच वाटेल तो निवडला, तर इंग्लंडला जाणाऱ्या चिमुकल्या लाइनवर गर्दी उसळायची. म्हणून जवळच्यांशी जास्त बोला, लांबच्यांशी क्वचित.

उरलं पुसणं. नुसती नोंद खोडली, तर ज्याने ती खोडलेली नाही तो शेजारी भाबडेपणाने ती परत देतो. म्हणून खोडलेल्या नोंदीचा मृत्यूचा दाखला ठेवायचा, आणि तोही पसरवायचा. पण दाखले किती वर्षं सांभाळणार? डिस्क भरते. त्यांनी मधला मार्ग काढला: काही काळाने बहुतेकांनी दाखला टाकून द्यायचा, मोजक्या ठिकाणी तो झोपवून ठेवायचा. जुनी नोंद उगवली की दाखला जागा होतो आणि पुन्हा पसरतो, शरीरातल्या प्रतिपिंडासारखा.

माझ्या प्रोग्रॅमने दाखले काही महिन्यांनी सगळीकडूनच टाकून दिले होते. झोपलेलं कुणीच नव्हतं. त्यामुळे माळ्यावरचा लॅपटॉप म्हणाला, माझ्याकडे नवे फोटो आहेत, आणि बाकीच्या चौघांनी मान डोलावली.

असो. तो लॅपटॉप आता जोडणीतून काढलाय. फोटो निवडून पुन्हा उडवायचं काम मात्र या शनिवारचं.