सेनाधुरंधरांचा चांदा

१७५५ साली रघूजी भोसले निवर्तले तेव्हा वयाने वडील असलेले जानोजी धाकट्या राणीचे, तर थोरल्या राणीचे पुत्र मुधोजी वयाने लहान, अशी स्थिती असल्यामुळे नागपूरच्या गादीचा जो तंटा पेटला, तो शमविण्याच्या तडजोडीतून ‘सेनाधुरंधर’ हा किताब चांद्याच्या मुलखासह धाकट्या पातीस देण्याची वहिवाट जन्मास आली. निवाडा पेशव्यांनी केला. जानोजी सेनासाहेबसुभा, म्हणजे नागपूरचे गादीधर, झाले आणि मुधोजींच्या वाट्यास चांदा आला. गोंड राजा नीलकंठशहांकडून हा मुलूख भोसल्यांनी १७५१ मध्येच घेतला होता. जटपुरा-पठाणपुऱ्याच्या वेशींआड पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले, वैनगंगेपलीकडे वैरागडापर्यंतच्या अरण्यावर हुकमत चालविणारे ते राज्य दोन भावांच्या समजुतीखातर बहाल व्हावे आणि तेथील रयतेस कोणी पुसूही नये, हे मनास फार लागते. स्पेनच्या वारसायुद्धानंतर १७१३-१४ च्या तहांनी नेपल्स आणि मिलान ऑस्ट्रियाच्या पदरी घातले, तेव्हा तेथील प्रजेसही कोणी विचारले नव्हते.

स्वतंत्र वसूल, स्वतंत्र शिबंदी आणि बळकट कोट ज्याच्या हाती दिला, त्याने गादीवरील नजर काढावी ही अपेक्षाच मुळी निराधार होती. मुधोजींचे पुत्र रघूजी (दुसरे) यांस जानोजींनी दत्तक घेतले होते. तरीही १७७२ मध्ये जानोजी वारताच त्यांच्या पत्नी दर्याबाई यांच्या पाठिंब्याने त्यांचे बंधू साबाजी गादीसाठी उभे राहिले, आणि २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या रणात साबाजी मुधोजींच्या गोळीने पडले. १७८८ मध्ये मुधोजी वारल्यावर दुसऱ्या रघूजींनी तोच किताब व तोच मुलूख, छत्तीसगडासह, आपले बंधू व्यंकोजी यांस दिला; वडिलांचा इतिहास डोळ्यांसमोर असताना दुसरा उपाय त्यांस सुचू नये, यावरून ही वहिवाट किती खोल रुजली होती ते कळते.

व्यंकोजींचे पुत्र आप्पासाहेब. १ फेब्रुवारी १८१७ रोजी दुसऱ्या रघूजींचे पुत्र व वारस परसोजी शयनगृहात मारले गेले आणि आप्पासाहेब गादीवर आले. नोव्हेंबरात पेशव्यांनी पाठविलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे त्यांनी इंग्रजांच्या विरोधास न जुमानता स्वीकारली, आणि दोनच दिवसांनी सीताबर्डीची लढाई जुंपली. तीत पराभव झाल्यावरही त्यांची भिस्त वडिलोपार्जित चांद्यावरच होती. पळते पेशवे बाजीरावही त्याच रोखाने येत असता एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याजवळ अडविले गेले. चांद्याचा किल्लेदार गंगासिंग मात्र, धनी आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेत पडले असूनही, कोट सोडण्यास राजी झाला नाही; २० मे रोजी कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला चढविला, तेव्हा तो लढता लढता पडला. पुढे नागपूरच्या गादीवर आलेले तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यावर गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्यच खालसा केले, आणि पुढल्या वर्षी चांद्याचा कारभार इंग्रज अंमलदारांच्या हाती गेला.