फ्लॉवरच्या भातामागचं बी

साखरेचा त्रास असलेले लोक हल्ली फ्लॉवर किसून त्याचा 'भात' करतात. पाणी न घालता, झाकण न ठेवता तेलावर पाच मिनिटं परतायचा, वरून कोथिंबीर-पुदिना. शिजल्या भातात 100 ग्रॅमला 28 ग्रॅम कर्बोदकं, फ्लॉवरात पाचेक.

हे पीक मूळचं विलायती. 1822 साली बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आल्याची नोंद आहे. थंडीची सवय त्याला, आपल्या उन्हात गड्डा धरेना. उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी उन्हात टिकलेल्या झाडांचंच बी पिढ्यान्‌पिढ्या राखलं. पुसा दीपालीसारखे लवकरचे वाण त्याच देशी बियाण्यातले. बी आणणाऱ्या साहेबाचं नाव पुस्तकात आहे, राखणाऱ्यांचं नाही.

आणि गंमत बघा, उन्हानं गड्डा रवाळ झाला की व्यापारी भाव पाडतो. घरी नेऊन मात्र त्याचा रवाच करतात!